नको तोरू, देल ती

मित्रांनो, मी एक जुनी वालाची वेल आहे. जुनी म्हटल्यावर तुम्ही हसाल, कारण रंगाच्या ज्या रिकाम्या बादलीत मी उभी आहे ती बादलीसुद्धा माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे, आणि मला रुजून अजून वर्षही झालेलं नाही. पण आम्हा वालांचं वय असं मोजत नाहीत. शेंगेतून बी, बियातून वेल, वेलीवर पुन्हा शेंग, अशी मी बाळकुमच्या खाडीकाठी मनुबाईच्या सासूच्या सासूपासून चालत आले आहे. त्यामुळे माझ्या आईच्या आणि आजीच्या आठवणी मी माझ्याच म्हणून सांगते. तुम्हीही त्या तशाच ऐका.

आणखी एक आधीच सांगून टाकते. माझ्या बोलण्याला कधी कधी शेंडा ना बुडखा राहत नाही. त्यात माझा फारसा दोष नाही. थांबायचं कुठं हे आमच्या जातीला कळतच नाही.

वालात दोन जाती असतात. एक बुटका वाल. तो गुडघ्याएवढा होतो, मग त्याच्या शेंड्यावरच फुलांचा तुरा येतो. शेंड्याला फूल आलं की वाढ संपली. शेंगा धरल्या, पिकल्या, आटोपलं. मोठी शहाणी आणि आटोपशीर जात! दुसरी आमची, वेलाची. आमच्या शेंड्याला फूल कधीच येत नाही. आमचं फूल येतं बगलेत, पान दांड्याला चिकटतं त्या कोपऱ्यात. शेंडा आपला पुढंच धावतो. एक कांडं, एक पान, पुन्हा कांडं, पुन्हा पान. आधार मिळाला तर त्याला मिठी मारायची, नाही मिळाला तर वाऱ्यावर लोंबकळत शोधायचा. शेंडा खुडला तर बगलेतले झोपलेले डोळे जागे होतात आणि एकाच्या जागी दोन शेंडे धावू लागतात. 'अगं, तू किती वाढणार आहेस?' असं कुणी विचारलं, तर माझ्याकडे त्याचं उत्तर नाही.

मनुबाईचं माहेर ठाण्याजवळच्या दिवा गावचं, दिव्याचं, आणि सासर बाळकुमचं. दोन्हीकडं खाडीच, त्यामुळे तिला सासरी आल्यावर पाणी नवं नव्हतं. नवरा कान्हा होडी घेऊन खाडीत जायचा. घरामागं चार बांबू रोवून त्यावर फाटलेलं जाळं टाकलं की झाला आमचा मांडव. मासे धरायचं जाळं म्हातारपणी वेल धरायच्या कामाला लागायचं. मासळी साफ केलेलं पाणी आमच्या बुडख्याशी पडायचं, आणि आम्ही त्या पाण्यावर अशा काही माजायचो की मांडव सोडून शेजारच्या कौलांवर चढायचो.

त्या घरात एक नेम होता. घरातलं माणूस पाण्यावर असलं की पुढच्या पडवीतला कंदील विझवायचा नाही. माणूस परत आलं, पाय धुतले, की मगच फुंकर मारायची. मनुबाईनं हा नेम सासूकडून घेतला आणि एकही रात्र मोडला नाही. कंदील पुढच्या बाजूला, आम्ही मागच्या बाजूला. दिवा त्याच्या जागी, रात्र आमच्या जागी. कुणाचं कुणावाचून अडलं नाही.

आता हे नीट ऐका मित्रांनो, कारण पुढचं सगळं यावर आहे. आम्हाला फुलायला लांब रात्र लागते. पावसाळ्यात दिवस मोठे असतात, तेव्हा आम्ही नुसत्या पसरतो. दिवाळी उलटली की रात्री चांगल्याच लांबतात. आमची पानं तो अंधार मोजत असतात. अंधार पुरेसा लांब आणि सलग मिळाला, की पानं आतल्या आत निरोप देतात आणि बगलेत कळ्या येतात. मधेच कुणी झगझगीत उजेड पाडला, तर मोजणी चुकते आणि आम्ही आपल्या पुन्हा पानंच काढत बसतो.

एखाद्या वर्षी फुलायला उशीर झाला की मनुबाई रुसायची. मग ती कोयता घेऊन मांडवाखाली यायची, पदर खोचायची, कोयता उगारायची आणि मोठ्यानं विचारायची, "तोरू का गो तुला? नुसती पाला वाढवतंस. तोरू का?"

त्यांच्या बोलीत 'तोडू'चं 'तोरू' होतं आणि 'देईल'चं 'देल'. मग जाळं विणत बसलेला कान्हा मान वर न करता म्हणायचा, "नको तोरू. देल ती."

झालं. कोयता खाली. त्या कोयत्यानं आमचं एक पान कधी कापलं नाही. हा जुना खेळ होता आणि त्याला दोन माणसं लागत. एकानं धमकी द्यायची, दुसऱ्यानं वेलीचा कैवार घ्यायचा. त्यानं वेल लाजते आणि शेंगा देते, असं ती माणसं समजत. खरं सांगू? आम्ही लाजतबिजत नाही. तोवर रात्री लांबलेल्या असत, एवढंच. पण कुणीतरी आपल्यासाठी 'नको' म्हणतंय, हे ऐकायला फार बरं वाटायचं.

पुढं वाडी गेली. बाळकुमच्या त्या जागेवर आता उंच उंच इमारती आहेत आणि त्यांच्या पोटात गाड्या झोपतात. मनुबाईच्या कुटुंबाला मागच्या बाजूच्या लहान इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. होडी गेली, मांडव गेला. राहिलं ते एक जाळं आणि कॉफीच्या बाटलीत राखेत घोळवून ठेवलेलं आमचं बी. "लावीन, लावीन," म्हणत मनुबाईनं दोन-तीन पावसाळे घालवले. बाल्कनीत कुठं वाल होतो, असं तिला वाटायचं. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तिनं बाटली उघडली, तर आत भुंगा शिरलेला. बिया चाळणीसारख्या झालेल्या. धड होत्या त्या चिमूटभर. तिनं त्या सगळ्या एका बादलीत पेरल्या. त्यातून उगवले ती मी एकटी.

म्हणजे बघा, एवढ्या पिढ्यांचा वाण माझ्या एका दांड्यावर आला. मी शेंगा धरल्या आणि त्या पिकू दिल्या तर तो राहणार, नाहीतर संपला. मनुबाईला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तिनं बाल्कनीच्या ग्रिलला ते जुनं जाळं बांधलं आणि मला म्हणाली, "आता तूच गो. वाण जगव."

मनुबाई, कान्हा आणि त्यांचा मुलगा दर्शन यांच्याखेरीज घरात चौथं माणूस होतं सून दक्षता. टिटवाळ्याची, इमारतीत वाढलेली मुलगी. ठाण्याच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं तिचं काम, त्यामुळे सकाळी लवकर घर सोडायची. लग्नाला तीन वर्षं झालेली, पण त्यातला निम्म्याहून जास्त काळ तिचा नवरा दर्शन मालवाहू जहाजावर. बाप खाडीत होडी हाकायचा, मुलगा समुद्रावर इंजिन सांभाळायचा. मी रुजले त्याच सुमारास, पुन्हा जहाजावर जाण्याआधी त्यानं आईसाठी एक काम करून ठेवलं होतं. बाल्कनीच्या छताला पांढराशुभ्र एलईडी लावला होता.

"आई, हा घे तुझा कंदील," तो हसून म्हणाला. "वाऱ्यानं विझायचा नाही आणि रॉकेलही नको."

"तू येशील तवरा पेटता ठेवीन," मनुबाई म्हणाली. "नि आलास का कोलंबी घालून वालाचा बिरडा करीन. आपल्याच वालाचा."

तो गेला आणि त्या संध्याकाळपासून माझ्या डोक्यावर रात्रभर दिवस उगवू लागला. माहेर दिव्याचं होतं, आणि दिव्यानंच घात केला, असं मला नंतर कितीदा म्हणावंसं वाटलं. पण मनुबाईचं काय चुकलं? तिचा मुलगा पाण्यावर होता.

पावसाळाभर मी सुखात होते. जाळं भरून टाकलं, ग्रिलमधून बाहेर पडले, वरच्या मजल्यावरच्या मायाताईंच्या खिडकीला वेढा घातला. मायाताई स्वभावानं मोकळ्या. खाली वाकून म्हणायच्या, "मनुबाई, तुमच्या वेलीनं माझ्या खिडकीला पडदा लावलाय हां! शेंगा लागल्या की अर्ध्या माझ्या." मनुबाई खुलायची.

दक्षतालाही माझं कौतुक होतं. सासूला आणखी बरं वाटावं म्हणून तिनं एका नर्सरीतून वालाच्या बियांचं पाकीट आणलं आणि शेजारच्या कुंडीत लावलं. ती निघाली बुटकी जात, आणि तीही नव्या वाणाची. तिला रात्र मोठी आहे की लहान याचं काही सोयरसुतक नाही. दिव्याखालीसुद्धा ती वीतभर उंचीवर फुलली आणि दिवाळीआधी शेंगांनी लगडली. दक्षता आनंदली. मनुबाई शेंगा तोडताना म्हणाली, "बरा हाय." पण तिची नजर माझ्याकडं होती.

दिवाळी झाली. कार्तिक संपला, मार्गशीर्ष लागला. बाहेर रात्री लांबत होत्या, हे मला वाऱ्याच्या गारव्यावरून कळत होतं. पण माझ्या पानांवर तो पांढरा उजेड रात्रभर सांडलेला. पानं अंधार मोजायला बसायची आणि त्यांना मोजायला काही सापडायचंच नाही. शेंडा धावत होता. मला कळ्या काढायच्या होत्या, मित्रांनो. पण माझ्या अंगातून पानांखेरीज काही निघत नव्हतं.

मनुबाईनं सगळे उपाय केले. नजर लागली म्हणून फाटकी चप्पल बांधली. ताक घातलं. मासळीचं पाणी घातलं, त्यावर मी आणखीच माजले. कुणी माझ्याकडं बोट दाखवलं की ती त्यांचा हात खाली करायची, "बोट नको दाखवूस, फूल झरल." ज्या फुलाचा पत्ता नाही ते झडायची तिला भीती. मला तिच्याकडं बघवत नसे.

आता एक गंमत सांगते, आणि ती गंमत नाही. माझ्या बुडख्यापासून दोन विती वरच्या एका बगलेतला डोळा पावसाळ्यातच जागा झाला होता. त्या फुटव्याला जाळ्यावर जागा मिळाली नाही, म्हणून तो जमिनीलगत सरकत ग्रिलच्या टोकाला गेला, पावसाच्या पाण्याच्या पाइपाला धरून कोपऱ्यावरून वळला आणि इमारतीच्या डक्टमध्ये शिरला. डक्ट म्हणजे न्हाणीघरांच्या खिडक्या उघडतात ती उभी, अरुंद जागा. वरून थोडं ऊन येतं, खाली साबणाचा वास. तिकडं कुणी बघत नाही. आणि संध्याकाळ झाली की तिथं रात्र पडते. खरी, जुन्या वाडीसारखी रात्र.

तिथं मी फुलले. पाइपाला वेढे घालून, दक्षताच्या न्हाणीघराच्या काचेच्या पट्ट्यांबाहेर, जांभळ्या तुऱ्यांनी मी फुलले. पौषात तिथं शेंगा धरल्या. त्यात दाणे भरायला लागले. आणखी महिनाभर त्या वेलीवर राहिल्या असत्या, वाळल्या असत्या, तर वाण वाचला असता. इकडं बाल्कनीत मनुबाई रोज माझी पानं उलटून कळी शोधत होती, आणि भिंतीपलीकडं मी भरत होते. अंग एकच होतं माझं. पण मला हाक मारता येत नाही.

संक्रांत आली. सोसायटीतल्या बायकांनी हळदीकुंकू केलं. दक्षता दमून आलेली असूनही साडी नेसून गेली. तिथं कुणीतरी वाण देता देता विचारलं, "काय गं, गुड न्यूज कधी?" दुसरी म्हणाली, "तीन वर्षं झाली ना?" दक्षता हसली आणि घरी आली. बाल्कनीत येऊन माझ्या जाळ्याला धरून बराच वेळ उभी राहिली. जहाजावरच्या माणसाशी रोज दहा मिनिटं बोलून गुड न्यूज कशी यायची, हे त्या बायकांना कोण सांगणार? हे ती माझ्या पानांपाशीच पुटपुटली, दुसऱ्या कुणाला बोलली नाही. सासूलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामाला निघत होती. हातात डबा, खांद्याला बॅग. कान्हा बाल्कनीत खुर्चीवर बसला होता. होडीच्या इंजिनाशेजारी जन्म काढल्यानं त्याचे कान गेलेले. ऐकायचं मशीन होतं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून तो खिशातच ठेवायचा. मनुबाई कोयता घेऊन आली. पदर खोचला. मला एकदम जुना मांडव आठवला आणि खरं सांगते, बरं वाटलं. म्हटलं, आता कान्हा म्हणेल.

"किती पानी घातला तुला," मनुबाई कडाडली. तिच्या आवाजात त्या दिवशी खेळ कमी आणि काळजी जास्त होती. "किती केला तुजा! त्या वीतभर झारानं शेंगा दिल्या, नि तू? खायाला पुढं, द्यायाला काय नाय. वांझोटी मेली! तोरू का इला? बोला, तोरू का?"

कान्हा समोरच्या इमारतीकडं बघत होता. त्याला काही ऐकूच गेलं नव्हतं.

दारात दक्षता उभी होती.

लेकी बोले सुने लागे, असं तुम्ही म्हणता ना? सासू लेकीला बोलते आणि ते सुनेला लागावं म्हणूनच बोलते. पण मनुबाईच्या मनात सून नव्हतीच हो. ती मलाच बोलत होती, मनापासून मलाच. दक्षताला ते कसं कळावं? तिला हा खेळ ठाऊक नव्हता. तिच्या अंगावर कालची हळदीकुंकवाची जखम ओली होती. 

"तोडा ना," ती म्हणाली. "जे काही देत नाही, ते घरात ठेवायचं कशाला?"

आणि ती निघून गेली. दार तिनं आपटलं नाही, हळूच ओढून घेतलं.

मनुबाई कोयता हातात धरून तशीच उभी राहिली. 'नको' आलं की कोयता खाली ठेवायचा, हे तिला ठाऊक होतं. 'तोडा' आलं तर काय करायचं, हे तिच्या सासूनंही शिकवलं नव्हतं. असं कधी झालंच नव्हतं. तिनं कान्हाकडं पाहिलं. तो अजून समोरच बघत होता. मग तिला सुनेचा राग आला, माझा आला, बहुतेक स्वतःचाही आला. ती वाकली आणि बुडख्यापासून वीतभर अंतरावर तिनं मला एका घावात कापलं.

घाव घातल्या घातल्या ती खाली बसली. कान्हा वळला, त्यानं पाहिलं आणि खिशातलं मशीन कानात घालायची धडपड करू लागला. "काय केलंस गो? मना इचारला का नाय?"

"इचारला," मनुबाई म्हणाली. "तुमाला ऐकू नाय आला."

दोन दिवसांत जाळ्यावरची पानं लोंबली. मायाताईंच्या खिडकीवरचा पडदा सुकून खडखड वाजू लागला. त्यांनी वरून विचारलं, "अगं बाई, काय झालं वेलीला?" मनुबाई म्हणाली, "कीर लागली." दर्शनचा फोन आला तेव्हा त्यानंही विचारलं, "आई, वेल कशी आहे?" "बरी हाय," मनुबाई म्हणाली आणि फोन दक्षताकडं दिला. दक्षता तो घेऊन आतल्या खोलीत गेली. दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलत होत्या. भात लावला का, गॅसवाला येऊन गेला, एवढंच.

बुडख्याशी वीतभर दांडा उरला होता आणि त्याला एक डोळा होता. आमच्या जातीत एवढं पुष्कळ असतं. एक डोळा असला की पुन्हा सगळी वेल होते. मी जीव धरून होते. सकाळी मनुबाई कुणाचं लक्ष नाही बघून माझ्यात तांब्याभर पाणी ओतायची. संध्याकाळी दक्षता कामावरून आली की तीही कुणाचं लक्ष नाही बघून ग्लासभर पाणी ओतायची. दोघींना वाटायचं, आपण एकटीच घालतो. बादलीत चिखल साठत गेला. पानं नसलेल्या बुडख्याला एवढं पाणी कसं सोसावं? मला ओरडून सांगावंसं वाटायचं, बायांनो, एकीनं घाला, पण आधी एकमेकींशी बोला.

मग एका सकाळी दक्षता न्हाणीघरात शिरली आणि काचेच्या पट्ट्यांआडून काहीतरी टकटक वाजलं. वाऱ्यानं वाळक्या शेंगा काचेवर आपटत होत्या. तिनं पट्टी काढून हात बाहेर घातला. पाइपाला गुंडाळलेला माझा सुकलेला फुटवा तिच्या हातात आला. त्यावर शेंगाच शेंगा. पिकण्याआधी वाळलेल्या, चुरगळलेल्या, पण शेंगा. ती तिथं ओल्या फरशीवर बसली आणि नळ मोठा सोडून रडली.

बाहेर आली तेव्हा मनुबाई खाली भाजी आणायला गेली होती. बाल्कनीत कान्हा माझ्या बादलीशेजारी बसला होता. हल्ली तो मशीन कानातून काढतच नसे, शिट्ट्या मारल्या तरी. तो माझ्या बुडख्याकडं बघून पुटपुटला, "नको तोरू. देल ती."

"बाबा, काय म्हणालात?" दक्षतानं विचारलं.

कान्हा ओशाळला. "काय नाय गो. माजा बोलायचा र्‍हायला व्हता त्या दिशी."

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. मांडव, कोयता, धमकी, आणि 'नको' म्हणणारा. "ती इचारते ना, ती तोरायला नाय इचारत. कोनतरी नको म्हनावा, म्हनून इचारते. मी म्हनायचो नेहमी. त्या दिशी मना ऐकू नाय आला."

दक्षता शेंगा ओढणीत धरून उभी होती. "म्हणजे त्या वेलीलाच बोलत होत्या?"

"मंग कोनाला?"

मनुबाई भाजी घेऊन आली, तर सून दारातच. दक्षतानं शेंगा तिच्या पिशवीत ठेवल्या. मनुबाईनं एक शेंग उचलली, नखानं सोलली, दाणा पाहिला. तो आपलाच वाल होता, डोळ्याशी पांढरी रेघ असलेला. ओळखायला तिला चष्मा लागला नाही.

"ही कवा दिली तिनं?"

"डक्टमध्ये दिली होती, आई. माझ्या खिडकीबाहेर. मी कधी पट्ट्या उघडून बघितलंच नाही." मग ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही मला बोलताय. वांझोटी म्हणून."

मनुबाईच्या हातातली पिशवी गळाली. "तुला? तुला कशाला बोलेन गो मी? माजा पोर वरीस वरीस पान्यावं र्‍हातो, तू त्याची वाट बघतंस. तुला बोलेन?" तिनं सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "माजी जीभ जळो."

मित्रांनो, हे मी बादलीतून पाहत होते. तो क्षण चांगला होता. पण दोघींच्या मध्ये फरशीवर माझ्या कोवळ्यात मेलेल्या शेंगा पडल्या होत्या.

मनुबाईनं सगळे दाणे काढून पातेल्यात पाण्यात टाकले. भरलेलं बी बुडतं, पोकळ बी तरंगतं. दोघी पातेल्यावर वाकून बसल्या. एक दाणा थोडा खाली गेला आणि परत वर आला. सगळे तरंगले. मनुबाईनं ते पाणी मोरीत टाकलं नाही, दाण्यांसकट माझ्या बादलीत ओतलं. तरंगलेलं बीही कधी कधी उगवतं, असं म्हणतात. मी तरी कधी पाहिलेलं नाही.

"तिथं काय व्हता, जो हिथं नाय?" मनुबाईनं विचारलं.

दक्षता बाल्कनीत आली. वर पाहिलं. भरदिवसा तो एलईडी जळत होता; दर्शन गेल्यापासून तो कुणी विझवलाच नव्हता. "अंधार," ती हळूच म्हणाली. "तिथं रात्री अंधार असतो, आई."

मनुबाईनं मान वर करून दिव्याकडं पाहिलं. "दिवा इझवायचा नाय. दर्शन पान्यावं हाय."

"नाही विझवायचा. आत देवाजवळ ठेवू. छोटा. त्याला काय बाहेरूनच दिसतो का?"

त्या संध्याकाळी देवाजवळ छोटा दिवा लागला आणि बाल्कनीत दर्शन गेल्यानंतर पहिल्यांदा काळोख पडला. मला जन्मभर हवा होता तो सलग, गार काळोख. मी तो मोजला असता. पण मोजायला माझ्याकडं एकही पान उरलं नव्हतं.

परवा सोसायटीचे रंगारी आले. बाल्कन्या रिकाम्या करा म्हणाले. दर्शन यायचा आहे पुढच्या आठवड्यात, घर रंगलेलं बरं. मनुबाईनं जाळं सोडवून घडी केलं, बुटक्या वालाची वाळलेली कुंडी बाजूला केली आणि माझी बादली दोन्ही हातांनी उचलली. जड होती, चिखलाची. तिनं माझ्या बुडख्याकडं पाहिलं. काळा पडला होता. ती स्वतःशीच, सवयीनं म्हणाली, "टाकू का ही?"

आतून, कणीक मळता मळता, मान वर न करता दक्षता म्हणाली, "नको, आई. देईल ती."

मनुबाईनं बादली परत खाली ठेवली. कान्हा कानातल्या मशीनवर हात ठेवून हसला.

आणि मी काय करू, मित्रांनो? तुमच्याशी खोटं बोलवत नाही. माझा तो एक डोळा केव्हाच कुजला आहे. त्या तिघांना ते अजून ठाऊक नाही. दक्षता रोज सकाळी वाकून बघते आणि मनुबाईला सांगते, अजून नाही, पण फुटेल. ज्या जातीला थांबायचं कळत नव्हतं, ती इथं थांबली आहे. जो शब्द मला संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी हवा होता, तो मला आता मिळाला आहे. फार गोड आहे तो. पण तो ऐकून फुटायला आता माझ्यात काही राहिलेलं नाही.

म्हणून तुम्हाला एवढंच मागते. एखादी वेल, एखादं झाड किंवा एखादं माणूस काही देत नाही असं वाटलं, तर त्याच्या वाट्याला हवी ती रात्र आली होती का, ते आधी बघा. भिंतीपलीकडच्या खिडकीच्या पट्ट्याही एकदा उघडून बघा. आणि कुणी हातात कोयता घेऊन 'तोडू का?' असं विचारलं, तर थांबू नका, रागात असलात तरी थांबू नका. विचार मागाहून करा. आधी 'नको' म्हणा.